काचेवरचा हात

बॅटरीची काळी वायर सोडवून ती स्टिअरिंगखाली उताणी आडवी झाली आणि फ्यूज बॉक्सचं झाकण ओढून काढलं. जळक्या प्लास्टिकचा वास नाकात शिरला. तिला बरंच वाटलं. म्हणजे दोष गाडीतच होता.

"जळालंय ना?" दाराबाहेर उकिडवे बसलेल्या वडिलांनी विचारलं. "सांगत होतो मी. ऐन बोगद्यात दिवे गेले. नाहीतर माझी गाडी भिंतीला घासते होय?"

जुन्या व्हॅनच्या डाव्या अंगावर पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडा उमटला होता. आत शाळेची मुलं होती. कुणाला लागलं नाही, एवढंच. उद्या सकाळी पुन्हा तीच मुलं आणि तोच बोगदा.

दिव्यांच्या फ्यूजचा चिमटा ढिला होऊन काळवंडला होता. तिनं तो पॉलिश पेपरनं घासला, पकडीनं आवळला. जास्त आवळला तर तुटणार, ढिला राहिला तर पुन्हा तापणार. हात घामेजला म्हणून तिनं तो ओढणीला पुसला.

"अप्पा, नवा फ्यूज द्या. पंधराचा."

"डबा कुठे ठेवलास?"

"तुमच्याजवळच आहे."

अप्पा उजवीकडे चाचपत राहिले. डबा त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकलेला होता. ती क्षणभर पाहत राहिली, मग हात लांबवून तिनंच फ्यूज उचलला.

"दमानं बसव. हत्तीसारखी दाबू नकोस."

"तुमचीच पोर आहे मी."

"म्हणून तर सांगतोय."

तिनं बॅटरी जोडली. अप्पा गाडीसमोर जाऊन उभे राहिले. दुरुस्ती कुणीही करो, त्यांनी समोर उभं राहून दिवे पाहिल्याशिवाय गाडी शेडबाहेर पडत नसे.

"लाव."

तिनं बटण फिरवलं. अप्पांच्या दोन्ही बाजूंना, मागच्या भिंतीवर, उजेडाचे सारखे दोन गोल पडले. तिनं बॉक्सवर टिचकी मारून पाहिली. एकही लुकलुकला नाही. कितीतरी वेळानं तिनं पोटभर श्वास घेतला.

"एकच लागलाय," अप्पा म्हणाले. त्यांनी उजव्या हातानं त्यांच्या उजवीकडचा दिवा दाखवला. "हा. दुसरा मेलेलाच आहे."

तिनं भिंतीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. बटणावरची तिची बोटं तशीच राहिली.

"हो अप्पा," ती म्हणाली. "एकच लागलाय. उद्या गाडी नाही काढता यायची."

अप्पा पुढे आले. डावा हात पसरून त्यांनी दुसऱ्या दिव्याची काच शोधली आणि तळवा तिच्यावर टेकवला. बोटांच्या कडा लालसर उजळल्या. काच ऊन होत गेली असावी. तरी त्यांनी हात काढला नाही, मानही वळवली नाही.

"बरं," ते म्हणाले. "मग मुलांच्या घरी कळवून टाक."