उशीर कुणाचा

"कारणाच्या रकान्यात 'रुग्णालयात आणण्यास उशीर' लिहा, सिस्टर. बाकी मी बघतो," म्हणत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी मातामृत्यूचा फॉर्म ज्योत्स्नाकडे सरकवला.

ज्योत्स्ना बसली नाही. गिरणेकाठच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका होऊन तिला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने साहेबांपुढे कधी आवाज चढवला नव्हता.

"उशीर कुणी केला, सर?"

"असं काय करता? बाई धुळ्याच्या वाटेवर गेली. म्हणजे उशीर झालाच ना?"

बाई! मयुरी तिचं नाव. बावीस वर्षांची, सातवा महिना. तपासणीच्या मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसायची. लोहाच्या गोळीने मळमळतं म्हणून कुरकुरायची, पण एक गोळी चुकवली असेल तर शपथ. डोळे पिवळे दिसले त्याच सकाळी ती स्वतःच्या पायांनी उपकेंद्रात आली होती. तासाभरात ज्योत्स्नाने तिला गाडीत घातलं. आधी तालुक्याला, तिथून धुळ्याला. वाटेत ती बरळू लागली, मग गप्प झाली. डोकं ज्योत्स्नाच्या मांडीवर होतं. काविळीत गरोदर बाई किती झपाट्याने हातची जाते, हे या डॉक्टर माणसाला ठाऊक नव्हतं का?

आणि कावीळ आली कुठून, हेही ठाऊक होतं. गावची पाइपलाइन शाळेमागच्या गटारातून गेली होती, आणि तिथेच फुटली होती. ज्योत्स्ना दर आठवड्याला नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची. क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. सलग पाच आठवडे ते जसंच्या तसं राहिलं. पाणी सोडणारा तोताराम खाली मान घालून म्हणाला होता, "ब्लिचिंग पावडरच नई शे, बाई. सरपंचले तीनदा सांगं. कोन आयकस?"

पाणी पिवळं व्हायला हवं होतं, डोळे झाले.

पाणी पिण्याजोगं नाही म्हणून तिने गावाला लाल कार्ड दिलं होतं. मोबाइलवर माहिती भरली, फुटक्या पाइपचे फोटो जोडले. आठवड्याने आढावा बैठक झाली. भिंतीवरच्या पडद्यावर तालुक्याचा नकाशा, आणि त्यात एकही गाव लाल नाही. तिचंसुद्धा हिरवंगार. विचारलं तर "दुरुस्ती केली" एवढंच उत्तर मिळालं. पाइपची दुरुस्ती नव्हे, रंगाची.

"सर, सहा तारखेला मी लाल कार्ड दिलं. चौदाला ते तुमच्या ऑफिसात हिरवं झालं. मयुरी एकोणतीसला गेली. मधले दिवस कुणाच्या नावावर लिहू?"

साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "जास्त बोलू नका. सातपुड्याच्या टोकाला बदली होईल."

"तिथेही बाया पाणीच पितात, सर."

फॉर्म घेऊन ती बाहेर पडली.

गावात मयुरीच्या घरी तिची सासू धुरपदाबाई ओट्यावर बसली होती. उशिराची बातमी साहेबांच्या फॉर्मआधीच गावात पोचली होती. सरपंचाच्या माणसांनी पोचवली होती.

"बठ्ठा गाव म्हनस, सासूनी उशीर करा," म्हातारी म्हणाली. "तू व्हती ना गाडीमा? मी उशीर करा का, बाई?"

"नाही, अक्का."

"मंग गावले सांग ना."

ज्योत्स्नाने तिथेच, ओट्यावर बसून फॉर्म भरला. 'दूषित पाणी. लेखी कळवूनही कारवाई नाही.' खाली तारखा, आणि स्वतःची सही. शुक्रवारच्या ग्रामसभेत ती उभी राहिली आणि प्रत्येक तारीख मोठ्याने वाचली.

"मॅडम, सभेत राजकारण नको," सरपंच म्हणाला.

"खाली बस!" मागून कुणी बाई ओरडली. मग बायकांची अख्खी रांग उठली. सोळा घरांत कावीळ होती. प्रत्येकीला आपलं माणूस आठवलं. सरपंचाला त्या दिवशी चहासुद्धा घेता आला नाही.

चार दिवसांत नवी पाइपलाइन पडली, गटारापासून लांबून. फक्त चार दिवसांचं काम होतं ते. ज्योत्स्नाला हे समजलं तेव्हा ती उपकेंद्राचं दार लावून एकटीच मोठ्याने शिव्या देत बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

सोळाही घरांतली आजारी माणसं बरी झाली. साहेब जागच्या जागी राहिले. ज्योत्स्नाला मात्र नोटीस आली आणि पाठोपाठ बदलीचा हुकूम.

तिच्या शेवटच्या मंगळवारी धुरपदाबाई उपकेंद्रात आली. शेजारच्या डिंपलला तिने दंडाला धरून आणलं होतं. डिंपलला पाचवा महिना होता.

"हिना डोया देखी ले, बाई. बराबर देख."

ज्योत्स्नाने डिंपलला दारातल्या उजेडात उभं केलं, अंगठ्याने पापणी खाली ओढली. एक डोळा, मग दुसरा. दोन्ही पांढरेस्वच्छ.

"चांगले आहेत, अक्का."

धुरपदाबाईने डिंपलचा सरकलेला पदर नीट केला आणि तिची तपासणी होईपर्यंत बाकाच्या टोकावर ताठ बसून राहिली.