अर्धंच ऐकलं

दुपारी घर अगदी गप्प होतं, आणि आतल्या खोलीत बामच्या बाटलीचं झाकण खट्कन निघालं. मी दारात गेले तशी सासूबाईंनी बाटली उशीखाली सरकवली.

"दुखतंय का, आई?"

"नाय गो. उगीच, सवयीनं लावत्ये."

मिरकरवाड्याच्या बंदरावर तीस वर्षं मासळीच्या पाट्या उचललेली बाई. तीन महिन्यांपूर्वी कंबर धरली, तेव्हा दुखणं लपवत नव्हत्या. रोज सकाळी पडवीत पालथ्या पडून आरोहीला हाक मारायच्या. माझी लेक पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. अशा मुलाचा पाय लागला की उसण जाते म्हणतात. पाच वर्षांची पोर खिदळत आजीच्या कमरेवर पाय टेकवायची. "दाब गो बाय, भात खाल्लास ना?"

शेजारच्या बायका बघायच्या. मला लाज वाटायची.

म्हणून मी त्यांना कायरोप्रॅक्टरकडे नेलं, हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्याकडे. तो म्हणाला, "दुखणं जुनं झालं की मेंदू ते धरून ठेवतो. तरी दुखतं ते खरंच. आधी एक्स-रे काढून आणा, त्याशिवाय मी हात लावणार नाही."

मी अर्धंच ऐकलं. रिक्षात म्हटलं, "बघा आई, सगळं मेंदूत आहे. मन दुसरीकडे घाला. आणि आरोहीला बोलवणं बंद करा आता."

"म्हंजे मी येडी झाल्ये म्हण की," त्या हसल्या. मीही हसले. एक्स-रे पुढच्या आठवड्यावर ढकलत राहिले. त्या पुन्हा कण्हल्या नाहीत, तेव्हा मला वाटलं, बरं वाटतंय.

त्या दुपारी बाम लावून उठायला गेल्या आणि उठताच येईना. माझ्या नवऱ्याने, सागरने, गाडी काढली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून उजेडावर धरला. "मणका दबलाय. आजचा नाही, दोन-तीन महिन्यांचा आहे. बोलल्या नाहीत कधी?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "तेवढं दुखत नव्हतं."

माझ्यासाठी बोललेलं ते खोटं मला अजून गिळता येत नाही.

आता त्या पट्टा बांधून पडून असतात. मी तासातासाला विचारते. "बरी हाय गो" म्हणतात.

काल आरोही स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, "आजीला कूस बदलायची आहे. पण तुला सांगू नको म्हणाली."

मी हात पुसले, निघाले. तिने माझा पदर धरला.

"आई, आजी तुला घाबरते?"