मदरबोर्ड गेला म्हणण्यापूर्वी

मित्रांनो, आज मी चहाच्या रंगाचा दिसतो, पण जन्मलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. मी पारोळ्यातल्या एका छापखान्यातला जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे. लग्नपत्रिका हे माझे आयुष्य.

माझी जुळणी धुळ्याच्या एका दुकानात झाली. तिथून छापखान्याचे मालक फारुखभाई आणि त्यांच्या पत्नी हसीनाबी मला एसटीने घेऊन आले. मी हसीनाबींच्या मांडीवर होतो. कंडक्टरने माझे तिकीट मागितले, तेव्हा फारुखभाई म्हणाले, "मांडीवरच्या लेकराचं तिकीट कुठं असतं, साहेब?" कंडक्टर हसला, पण तिकीट फाडलेच.

छापखान्यात कामाची वाटणी ठरलेली होती. फारुखभाई मशीनवर छपाई करत आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. माझ्यासमोर हसीनाबी बसत. सुरुवातीला एका बोटाने 'श्रीगणेशाय नमः' टाइप करायला त्यांना चहा गार होईपर्यंत वेळ लागे. पुढे त्यांची बोटे अशी धावू लागली की मलाच धाप लागायची. कुणाच्या पत्रिकेवर गणपती, कुणाच्या पत्रिकेवर चांदतारा, कुणाच्या पत्रिकेवर नवकार मंत्र. मी सगळ्यांची लग्ने सारख्याच आनंदाने लावली. लोक पत्रिका हातात घेऊन म्हणत, "काय सुबक काम आहे!" मला वाटे, ते माझ्याकडेच बघून म्हणताहेत.

पण कौतुक जुने होते आणि धूळ मात्र रोज नवी येते. आमच्या गल्लीच्या टोकाला कापसातली सरकी काढणारी जिनिंग मिल आहे. हिवाळाभर तिथला कापूस उडत येई आणि माझ्या पोटात शिरे. माझे झाकण कुणी उघडले नाही. उलट डोक्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. मी जरा अडखळलो की फारुखभाई माझ्या कुशीत एक चापट मारत. त्यांना तो उपचार वाटे.

मग गेल्या वैशाखात ती घटना घडली.

गिरधर आबा नावाचे शेतकरी लेकीच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला आले. लग्न तोंडावर आले होते आणि गावातले बाकीचे छापखाने कामात बुडालेले होते. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरीची नावे दोन ओळींत संपतात. खरी पत्रिका त्यानंतर सुरू होते. काका, मामा, मावश्या, भावकी, व्याही, मित्रमंडळ. एक नाव सुटले तर एक घर रुसते.

"लिखी ल्या, ताई," आबा म्हणाले. "एक बी नाव सुटाले नको."

ते डोळे मिटून नावे सांगू लागले. एवढ्या वेगाने की हसीनाबींना सेव्ह करायलाही सवड मिळेना. मावश्यांपर्यंत आलो आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बंद पडलो.

"आते काय व्हयनं?" आबांनी डोळे उघडले.

फारुखभाईंनी धावत येऊन मला चापट मारली. या वेळची चापट जरा मोठी होती. आत खटकन काहीतरी हलले, आणि पुन्हा चालू करताच मी लांब लांब शिट्या मारू लागलो. 'माझी रॅम सैल झाली आहे हो!' असे मी सांगत होतो. मित्रांनो, आम्हा कॉम्प्युटरांना दुखणे सांगण्यासाठी एवढी एकच भाषा येते. पण ती ऐकून आबा म्हणाले, "कुकर व्हयना का?"

शेजारच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून तौसिफ आला. त्याने दारातूनच मान हलवली. "मदरबोर्ड गेला, चाची."

"भंगारात देऊन टाकू आता," फारुखभाई म्हणाले. ते शब्द ऐकून माझ्या शिट्यांचा सूरही रडका झाला असावा.

"न उघडता कसं कळलं रे तुला?" हसीनाबींनी विचारले. "आधी उघड."

तौसिफने ऐटीत माझे झाकण काढले. आतून एक पाल उडी मारून त्याच्या बाहीवर बसली. पुढच्या क्षणी तौसिफ टेबलावर उभा होता आणि पाल शांतपणे भिंतीवरून निघून गेली होती. माझ्या पोटात तिचा संसार होता, हे मला तरी कुठे ठाऊक!

मग तो खाली उतरला. त्याने रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि ती दोन्ही बाजूंनी नीट दाबून बसवली. मी एकच छोटी शिटी वाजवून चालू झालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी डोळे मिटून पुन्हा काकांपासून सुरुवात केली.

मामांपर्यंत आलो आणि मी पुन्हा गेलो.

"बठ्ठा नावं परत गयात?" सगळी नावे पुन्हा पुसली गेलेली बघून आबांनी विचारले.

"आता मात्र मदरबोर्डच," तौसिफ म्हणाला.

हसीनाबींनी माझ्या अंगावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. "सकाळी हा तासन्‌तास चालतो. दुपारी बसल्याबसल्या बंद पडतो. मदरबोर्ड काय घड्याळ बघून जातो का? हा तापतोय. याच्या आतला पंखा बघ."

तौसिफने पंखा बघितला. तो फिरतच नव्हता. त्याच्याखाली कापसाचा एवढा गोळा निघाला की आबांनी तो हातात घेऊन सवयीने वात वळायला घेतली. तौसिफने ब्रशने सगळे झाडले, पंख्याला तेलाचा थेंब दिला, प्रोसेसरला गार ठेवणारी, पण आता वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. "चाची, बरोबर बोललात तुम्ही," तो म्हणाला. पंखा भिरभिरला आणि किती वर्षांनी मी पोटभर श्वास घेतला!

तिसऱ्यांदा नावे सांगताना आबा थकले होते. तेवढ्यात त्यांचे उखर्डू मामा आले आणि बाकावर बसले. हसीनाबी आता प्रत्येक ओळीला सेव्ह करत होत्या. नमुन्याची पत्रिका निघाली. मामांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग खालपासून वरपर्यंत वाचली.

"मनं नाव कोठे शे?"

थकलेल्या आबांनी नेमके तेच नाव गाळले होते. मामांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते उठले. आबांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी बोट माझ्याकडे केले.

"मामा, यानी खादं तुमनं नाव!"

मित्रांनो, मी ते नाव खाल्ले नव्हते. पण एका लेकीच्या लग्नासाठी मी गप्प राहिलो.

"बसा, मामा," हसीनाबी म्हणाल्या. "तुमचं नाव जाड अक्षरात टाकायचं होतं, म्हणून शेवटी ठेवलं होतं. हे बघा, तुमच्यासमोर टाकते."

भर दुपार होती, छपराचा पत्रा तापला होता. आता मी बंद पडलो असतो तर मामा परत बसले नसते. सगळे श्वास रोखून माझ्याकडे बघत होते आणि मी पंखा जिवाच्या आकांताने फिरवत होतो. एक अक्षर उमटले, दुसरे उमटले. मी टिकलो. 'श्री. उखर्डू मामा' असे ठसठशीत नाव कागदावर आले. मामांनी ते लांब धरून वाचले, जवळ धरून वाचले आणि टोपी काढून म्हणाले, "चहा सांगा."

संध्याकाळी पत्रिकांचे गठ्ठे आबांच्या मोटरसायकलवर चढले. फारुखभाई रोजच्यासारखे भिंतीवरचे बटण दाबायला निघाले, तोच हसीनाबी म्हणाल्या, "थांबा." त्यांनी माऊस धरला आणि मला रीतसर शट डाऊन केले.

बालमित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा म्हातारा कॉम्प्युटर असेल, तर प्लग काढून मोठ्या माणसांकडून वर्षातून एकदा त्याचे पोट साफ करून घ्या. तो शिटी वाजवू लागला तर त्याला चापट मारू नका. जरा कान देऊन ऐका. आणि 'मदरबोर्ड गेला' असे कुणी दारातूनच सांगितले, तर त्याला आधी आत बोलवा.