बाहुल्यांचे माप

मी एक जुनी पट्टी आहे. पण मित्रांनो, रेघा मारायची नव्हे! माझ्या अंगावर टाचणीच्या डोक्यापासून वाटाण्यापर्यंत वाढत गेलेले काळे ठिपके आहेत. डोळ्याशेजारी मला धरले, की आतली बाहुली कोणत्या ठिपक्याएवढी आहे ते कळते. चंद्रसुद्धा मोजला असता, पण तो मेला मान स्थिर ठेवत नाही.

साच्यातून निघाले, ठिपके ल्याले आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या खिशात आले. बाहुलीपुढे असते ती काच म्हणजे पारपटल. ते बिघडलेल्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब कसे वागतात, याचे बाई संशोधन करत. थेंब घालायचे, थोड्या वेळाने मला लावायचे आणि माणसाला घरी धाडायचे. बाहुली उघडली किती, हे रोज पाहिले. मिटली केव्हा, हे विचारायचे राहूनच गेले!

एके सकाळी शिवणकाम करणाऱ्या मावशी तणतणत आल्या. त्यांचे पारपटल बिघडलेले, त्यात साखरेचा आजार. डोळ्याचा आतला पडदा वरचेवर तपासला नाही, तर नजर जायची भीती; आणि तो दिसायला थेंबांनी बाहुली उघडावीच लागते.

"काल थेंब घातलेत, अजून सुईचं नेढं दिसेना! गिऱ्हाईक दारात बसलंय. आता थेंब नाही म्हणजे नाही."

"मावशी, थेंब सगळ्यांना तेच. संध्याकाळपर्यंत उतरतात."

"मग मी काय सोंग करतेय?"

बाईंनी मला मावशींच्या गालाला टेकवले. बाहुली अजून माझ्या सर्वांत मोठ्या ठिपक्याएवढी! बाईंचा चेहरा उतरला. मग बाकीच्यांनाही थेंब घातल्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावू लागल्या. कितीतरी बाहुल्या अजून सताड उघड्या होत्या. बिघडलेल्या काचेतून औषध जास्तच आत झिरपत असावे.

बाईंनी कमी ताकदीचे थेंब घेतले. मावशी ऐकेनात.

"संध्याकाळी सुई ओवता आली नाही, तर ही पट्टी तुमच्या मशीनखाली घाला," बाई म्हणाल्या.

माझा जीव टांगणीला! पण बाहुली पुरेशी उघडली, पडदा नीट तपासून झाला, आणि संध्याकाळी मावशी सुईदोरा घेऊनच हजर झाल्या. एका झटक्यात ओवला.

"जगली तुमची पट्टी!"

आता बाहुल्या मोजायला यंत्र आले आहे. मी किल्ल्यांसोबत खणात पडून असते. परवा तर कोणीतरी मला बुडवून चहा ढवळला! मित्रांनो, तेवढे मात्र करू नका. मऊ फडक्याने पुसा, माझे ठिपके जपा.

कारण मावशी अजून तपासणीला येतात आणि दारातूनच म्हणतात, "यंत्र लावा खुशाल, पण आधी माझी पट्टी काढा."