घर आपलंच समजा

सरकारी वकिलानं पडद्यावरचं चित्र पुन्हा मागं नेलं. जाळीचं दार, आणि दारात एप्रन बांधलेल्या मिस ओझेला टिलमन. पोलीस डेप्युटी लँकफर्डच्या छातीवरच्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या.

“या बाबांनो, आत या. उन्हात कशाला उभे?” पडद्यावरच्या मिस ओझेला म्हणाल्या.

“जरा इकडंतिकडं पाहिलं तर चालेल ना, मिस ओझेला?” हा लँकफर्डचा आवाज.

“घर आपलंच समजा.”

वकिलानं चित्र तिथंच थांबवलं. तिसऱ्यांदा. साक्षीदाराच्या खुर्चीतल्या मिस ओझेलांनी मांडीवरची पर्स सरळ केली.

अलाबामातल्या त्या गावात, जिथं आजीबाईंनाही आदरानं ‘मिस’च म्हणतात, कुणीही दारात आलं की हे वाक्य तोंडातून निघतंच. विमा एजंट येवो नाहीतर पाद्री. त्या वाक्यावर विसंबून आजवर कुणी कुणाचं कपाट उघडलं नव्हतं. लँकफर्डनं उघडलं. मिस ओझेलांच्या नातवाच्या, कॉर्डेलच्या खोलीत, बुटांच्या खोक्यात पिस्तूल निघालं. कॉर्डेल एकदा तुरुंगात जाऊन आलेला. अशा माणसाकडे पिस्तूल म्हणजे दहा वर्षं.

पिस्तूल त्याचंच होतं, त्यावर वाद नव्हता. वाद कागदाचा होता. लँकफर्डजवळ झडतीचं वॉरंट नव्हतं. कागद नसेल तर घरच्या माणसानं आपखुशीनं होकार दिलेला हवा, नाहीतर घटनेप्रमाणे झडतीच बेकायदा. मग पिस्तूल असून नसल्यासारखं, आणि कॉर्डेल रात्रीच्या जेवणाला घरी.

कॉर्डेलची वकील मिस प्रूइट कोर्टानं नेमून दिलेली होती. एका वेळी सव्वाशे खटले सांभाळणारी, तरी सकाळी कोर्टाबाहेरच्या बाकावर तिनं मिस ओझेलांसाठी दहा मिनिटं काढली होती.

“खोटं काही सांगायचं नाही,” ती म्हणाली होती. “फक्त तेव्हा जे वाटलं ते सांगा. कमरेला पिस्तुलं लावलेले दोघं दारात उभे. नाही म्हणायची सोय होती?”

“मी दारात आलेल्याला नाही म्हणतच नाही गं.”

“आणि भीती? भीती वाटली होती ना?”

मिस ओझेलांनी तेव्हा हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले होते, आणि परत बाहेर काढून घातले होते.

आता सरकारी वकील पुढं आला. आवाज तुपात घोळवलेला.

“मिस ओझेला, डेप्युटीनं आवाज चढवला?”

“नाही. त्याच्या आईनं वळण लावलंय त्याला.”

“दमदाटी?”

“छे!”

“तुम्ही त्याला ओळखता तर.”

“शाळेच्या जेवणघरात एकतीस वर्षं वाढलंय मी. हा रांगेत दोनदा उभा राहायचा. दुसऱ्यांदा टोपी घालून यायचा, म्हणजे मला ओळखू येऊ नये.”

कोर्ट हसलं. जज्जसाहेबही हसले. भिंतीशी उभ्या लँकफर्डचे कान लाल झाले.

“मग त्या दिवशी तुम्ही त्याला घाबरला होतात का?”

मिस प्रूइटची पेन्सिल थांबली. पडद्यावरचं चित्र अजून तसंच होतं. त्यात मिस ओझेलांचा उजवा हात एप्रनचं टोक पिळत होता. हाताचं पीठ केव्हाच पुसून गेलेलं. हे बघायचं असेल तर तोंडाकडं नाही, हाताकडं बघायला हवं होतं. कोर्टात सगळे तोंडाकडं बघत होते.

“याला?” मिस ओझेलांनी मान उंच केली. “माझ्या हातचं खाऊन वाढलाय हा. याला घाबरू मी?”

मिस प्रूइटनं पेन्सिल खाली ठेवली.

निकाल जेवणाच्या सुट्टीआधीच आला. साक्षीदार बाईंनी न घाबरता, कुणी न दटावता, आपणहून होकार दिला, असं जज्जसाहेब म्हणाले. आपली आईही पाहुण्याला हेच म्हणायची, असंही त्यांनी कौतुकानं सांगितलं.

बेड्या घातलेला कॉर्डेल जाताना कठड्यापाशी क्षणभर थांबला.

“आजी,” तो म्हणाला, “एकदा तरी घाबरायचं होतंस गं.”

ऑक्टोबरात लँकफर्ड पुन्हा त्या दारात आला. एका हातात कॉर्डेलचा फोन आणि रिकामं खोकं, दुसऱ्या हातात कागद. या वेळी त्यानं हॅट काढली होती.

मिस ओझेला बाहेर आल्या. पाठीमागं जाळीचं दार ओढून घेतलं, आणि आतलंही. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर त्यांनी पर्स ठेवली.

“आत बोलवत नाही आज?” तो हसून म्हणाला. “ओव्हनचा वास तर येतोय.”

“सही कुठं करायची?”

“खाली. त्या दिवशी नेलेल्या वस्तूंची यादी आहे. फोन नि खोकं परत मिळालं, बाकीचं सरकारजमा.”

मिस ओझेलांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून यादी वाचली. पिस्तूल एक. काडतुसं सहा. फोन एक. खोकं एक. परत वरपासून वाचली. लँकफर्ड एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

“अपुरी आहे,” त्या म्हणाल्या.

“काय राहिलं?”

त्याच्याच खिशातलं पेन मागून घेऊन त्यांनी शेवटच्या ओळीखाली, शाळेतल्या फळ्यावर जेवणाचा बेत लिहायच्या त्या गोल अक्षरांत लिहिलं: ओव्हनमधली गरम बिस्किटं, चार. दोन तू खाल्लीस, दोन तुझ्या जोडीदारानं. लोणी लावून.

लँकफर्डनं वाचलं. हसावं की नाही, त्याला ठरवता येईना.

“मिस ओझेला, ती तर तुम्ही आपणहून दिली होतीत.”

“हो,” मिस ओझेला सही करत म्हणाल्या. “जज्जसाहेब पण तेच म्हणाले.”

त्यांनी पेन परत दिलं. तो फाटकापर्यंत गेला, गाडीत बसला, गाडी वळणाआड गेली. मग उठून त्यांनी आतल्या दाराची मूठ फिरवली, तर दार उघडेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते कुलूप लागेल असं ओढलं होतं, आणि किल्ली आत होती.