ब्रेकमध्ये अडकलेली शांताकाकू

लालबागच्या त्या चाळीपुढे सकाळी सातलाच आनंदाच्या टॅक्सीभोवती ही गर्दी! चार दिवस झाले, ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून बाईनं हंबरडा फोडल्यासारखा आवाज येई. गेल्याच महिन्यात तळमजल्यावरच्या शांताकाकूला याच टॅक्सीतून इस्पितळात नेलं होतं. ती परत आली नाही. मग काय, आवाज कुणाचा ते चाळीनं एकमतानं ठरवून टाकलं.

भूत उतरवायला बोलावलेल्या कंबलबाबानं चाकाला कान लावला. "आत्मा अडकलाय. गाडी थांबली की काकूला इस्पितळ आठवतं, आणि ती रडते." भुतांच्याही काय एकेक अडचणी!

मंत्र पुटपुटत त्यानं दोन्ही पुढच्या चाकांच्या फटीतून 'सिद्ध तीर्थ' ओतलं. "चालव आता."

आनंदानं दहा पावलं गाडी नेऊन ब्रेक दाबला. गाडी जरा पुढे घरंगळून थांबली, पण चूं नाही की चां नाही. बायाबापड्या बाबाच्या पायांवर कोसळल्या. आनंदालाही हायसं वाटलं. चार दिवसांपूर्वी नवे ब्रेक पॅड त्यानं स्वतःच बसवले होते. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याच्या हातून चूक झाली असं म्हणण्यापेक्षा त्याला भूत परवडलं होतं.

"श्रेया, बस गो! शाळेत सोडतो."

लेक मागच्या सीटवर बसली. तेवढ्यात आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकवणारी शेजारीण अंबिका पुढे आली. चाकाखाली टपकलेला थेंब तिनं बोटांत चोळला.

"आनंदादादा, पोरीला आधी उतरवा. आणि महाराज, भूत गेलं ना? मग गाडीपुढे उभे राहा. दादा हळूच येतील, ब्रेक मारतील."

"आमची समाधीची वेळ झाली," बाबा म्हणाला.

"दोन मिनिटांनी लावा की समाधी!"

श्रेया उतरली, पण बाबा काही उभा राहिना. अंबिकानं त्याच्या जागी रिकामा ड्रम ठेवला. आनंदानं ब्रेक दाबला, आणखी दाबला. गाडी सरळ ड्रमवर! तो गडगडत गेला, आणि त्याच्याही पुढे बाबा.

"तीर्थ कसलं, तेल आहे!" अंबिकानं चाक उघडलं. "दादा, पॅडच्या पाठीमागच्या पातळ पट्ट्या कुठायत?"

"जुन्या पॅडांबरोबर फेकल्या," आनंदा पुटपुटला. "वाटलं, नसल्या तरी चालतंय."

"त्या नाहीत म्हणून ब्रेक दाबला की पॅड थरथरतं आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क किंचाळते. तेल पडलं, पकड गेली, म्हणून थरथरही गेली. आवाज थांबला दादा, पण ब्रेकसकट!"

आनंदानं श्रेयाकडे पाहिलं. गाडीची किल्ली त्यानं अंबिकाच्या हातात ठेवली. दुपारी डिस्क पुसून नवे पॅड बसले, पट्ट्यांसकट. आवाज बंद, गाडी जागच्या जागी उभी. संध्याकाळी चाळीसमोर तो म्हणाला, "चूक माझी होती. मेलेल्या काकूवर उगाच आळ घेतला."

मंडळी, गाडी ओरडते तेव्हा ती काहीतरी सांगत असते. तिचं तोंड बंद करणाऱ्याच्या पाया पडण्याआधी ती का ओरडते, एवढं तरी विचारा. विचारायला कुठलाही मंत्र लागत नाही.