बुजवलेल्या बोगद्याचा दावा

कोर्टाच्या बाकावर टेकताच धाकटीने पिशवीतून नवऱ्याचा निळा शर्ट काढून मांडीवर ठेवला. थोरली तिच्याकडे वळली.

"अगं, हा कशाला आणलास?"

"निकाल लागला की बोगदा फोडतील म्हणालीस ना, ताई? त्यांना काय तसंच मळक्या कपड्यांत बाहेर आणायचं?"

थोरली 'बघू' म्हणाली होती. पण तिने परदेशात राहून जन्मभर कंपन्या आणि देशादेशांमधला कायदा यांचा इतिहास शिकवला होता, त्यामुळे तिचं 'बघू' म्हणजे झालंच, असा माहेरी सगळ्यांचा समज होता.

धाकटीच्या गावचा डोंगर एका परदेशी कंपनीने खाणीसाठी घेतला होता. बोगदा कोसळला तेव्हा आत माणसं होती, धाकटीचा नवराही. कंपनीने तोंडाशी सिमेंट ओतलं आणि गाशा गुंडाळला. तिकडचं कोर्ट म्हणालं, कंपनी आमच्या हद्दीत नाही. म्हणून धाकटी बहिणीकडे आली आणि कंपनीच्याच देशात दावा लागला: देशादेशांमधल्या कायद्याने तरी कंपनीला जाब विचारा, बोगदा उघडायला लावा.

कंपनीचा वकील उठला. हा थोरलीचाच विद्यार्थी. वाचलेलं अक्षर न अक्षर म्हणून दाखवायचा, म्हणून वर्गात त्याला पोपट म्हणत. त्याच्या हातात तिचंच पुस्तक होतं.

"'एके काळी कंपन्यांनी फौजा पाळल्या, तह केले, गावं जाळली, कारण आपण त्यांना राजांच्या मांडीला मांडी लावून बसू दिलं. ती चूक पुन्हा नको. राष्ट्रांच्या कायद्यात कंपनीला स्थान नाही.'" त्याने पुस्तक मिटलं. "स्थानच नाही, तर जबाबदारी कुठली? हे मी नाही, आमच्या बाई म्हणतात."

थोरली ताडकन उठली. "अरे, मी त्यांचा मुकुट काढा म्हटलं होतं! त्यांना मोकाट सोडा असं नव्हे!"

न्यायाधीशांनी तिला अतिशय सभ्यपणे खाली बसवलं. दुपारी तेवढ्याच सभ्यपणे दावा फेटाळला: राष्ट्रांच्या कायद्याने कंपनीला जाब विचारता येत नाही.

बाहेर जिन्यापाशी पोपट आला. "बाई, रागावला नाहीत ना? तुमचं पुस्तक अजून तोंडपाठ आहे मला."

"दिसलं ते," थोरली म्हणाली. "निघ आता."

तिने धाकटीला निकाल समजावून सांगितला. सोपा करून सांगितला, तरी तो तसाच राहिला.

"ताई, डोंगर घेताना सहीला कंपनी होती ना?"

"होती."

"मग आता जाब द्यायला नाही कशी?"

यावर थोरलीच्या पुस्तकात अख्खं प्रकरण होतं, तळटीपांसकट. तिने नुसता हात पुढे केला. "दे, शर्ट मी धरते. तू दमली आहेस."

धाकटीने शर्टाची कॉलर बोटांनी सारखी केली आणि तो पिशवीत परत ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "तू चुरगळशील."

आणि पिशवी छातीशी धरून ती एकटीच पुढे जिना उतरू लागली.